कॉपी मध्येच तुटली आणि फोटो गायब, तेव्हा काय करायचं

मेमरी कार्डावरून फोटो दुसरीकडे हलवताना मध्येच काहीतरी तुटलं आणि आता फोटो इकडेही नाहीत, तिकडेही नाहीत अशी अवस्था झाली असेल, तर खालचं सगळं वाचायच्या आधी एकच करा, ते कार्ड काढा आणि बाजूला ठेवा. परत लावून बघू नका, कॅमेऱ्यात घालून "दिसतंय का" बघू नका, त्यावर नवीन फोटो तर अजिबात काढू नका. मोठं एसडी कार्ड असेल तर त्याच्या कडेला एक बारीक सरकतं बटण असतं, ते लॉककडे सरकवा. फोटो बहुतेक वेळा अजून त्या कार्डातच असतात, ते खरे जातात ते नंतरच्या तासाभरातल्या धावपळीत, आणि ही पोस्ट मी मुख्यतः तेवढ्यासाठीच लिहितोय.

माझ्या ताईचं ६४ जीबीचं कार्ड होतं. भाचीच्या पहिल्या वर्षाचे जवळपास सगळे फोटो त्यात. ती ते कट-पेस्ट करून एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर हलवत होती आणि निम्म्याच्या पुढे गेल्यावर डिस्क एकदम डिस्कनेक्ट झाली. केबल सैल होती, हात लागला की तुटायची. परत जोडली तर डिस्कवर फोल्डर दिसतोय, त्यात फाईली पण दिसताहेत, पण बऱ्याचशा उघडतच नाहीत, आणि कार्डावर त्या फाईली नाहीतच. तिचा फोन आला तेव्हा आवाजच वेगळा होता. "अरे, सगळे गेले रे." मी म्हटलं, ताई, तू आता काही म्हणजे काहीच करू नकोस, कार्ड काढ आणि डबीत घालून ठेव, मी येतो. तिने अक्षरशः तेवढंच केलं, आणि पुढे जे काही परत मिळालं त्यातलं निम्मं श्रेय मी त्यालाच देईन.

आता हे होतं कसं ते जरा नीट सांगतो, कारण ते कळलं की पुढची प्रत्येक पायरी का करायची ते आपोआप कळतं. एकाच ड्राइव्हवर फाईल इकडची तिकडे हलवली तर आतला डेटा जागचा हलतही नाही, फक्त नोंद बदलते, म्हणून ते क्षणात होतं. पण एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर कट-पेस्ट म्हणजे आधी कॉपी आणि मग मूळ फाईल डिलीट, अशा दोन गोष्टी असतात. आणि कॉपी झाली असं कॉम्प्युटर म्हणतो तेव्हा ती डिस्कवर उतरलेलीच असेल असं नाही, बऱ्याचदा ती काही काळ रॅममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीत असते आणि मागून सावकाश लिहिली जाते, याला राइट कॅशिंग म्हणतात. विंडोज १० मध्ये २०१८ च्या १८०९ व्हर्जनपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी "क्विक रिमूव्हल" हे डिफॉल्ट केलंय, म्हणजे हे कॅशिंग बंद, पण ताईच्या लॅपटॉपवर त्या डिस्कला "बेटर परफॉर्मन्स" निवडलेलं होतं, म्हणजे कॅशिंग चालू. कॉपी झाली असं धरून कार्डावरची मूळ फाईल डिलीट झाली, आणि इकडे शेवटचा बराच माल रॅममध्येच होता तेव्हा केबल तुटली.

डिस्कवरच्या त्या न उघडणाऱ्या फाईली बघायच्या आहेत म्हणून मी त्यातली एक हेक्स व्ह्यूअरमध्ये, म्हणजे फाईलच्या आतले कच्चे आकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली. फाईलचं नाव बरोबर, साईज बरोबर, सहा एमबीच्या आसपास, आणि आत काय तर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत शून्य, शून्य, शून्य. पानंच्या पानं खाली सरकवत गेलो तरी शून्यच. एनटीएफएस ही विंडोजची फाईल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर कुठली फाईल कुठे आहे याचा हिशोब ठेवायची पद्धत, ती फाईलच्या नोंदींचं जर्नल (बदलांची वही) ठेवते, आतल्या डेटाचं ठेवत नाही, त्यामुळे अचानक तुटलं की नाव आणि साईज जागच्या जागी राहतात आणि आतला मजकूर कधी पोचलेलाच नसतो. हे मुद्दाम सांगतोय कारण लोक साईज बघून आशेवर राहतात आणि "जेपीजी रिपेअर" नावाची सॉफ्टवेअरं विकत घेतात. आत नुसती शून्यं असतील तर रिपेअर करायला काही नाहीच, तिथे पैसे आणि वेळ घालवू नका, तुमचा फोटो कार्डावर शोधा.

कार्डावर तो सापडतो कारण डिलीट म्हणजे पुसणं नव्हे. दारावरची पाटी काढली म्हणून घरातली माणसं निघून जात नाहीत, तसंच आहे ते. ३२ जीबीपर्यंतची कार्डं सहसा फॅट३२ या फाईल सिस्टीममध्ये असतात, तिथे डिलीट केल्यावर फाईलच्या नोंदीतल्या नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे ई५ हा बाइट लिहिला जातो आणि तिने घेतलेली जागा मोकळी म्हणून दाखवली जाते. म्हणूनच जुन्या कार्डावरून परत आणलेल्या फाईलींच्या नावात पहिलं अक्षर कधीकधी नसतं. ३२ च्या वरची कार्डं एक्सफॅटमध्ये येतात, तिथे नोंदीतला एक बिट बदलतो, नाव तसंच्या तसं राहतं. दोन्हीकडे फोटोचा खरा डेटा जागेवरच असतो, जोपर्यंत त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोपर्यंत.

म्हणजे शत्रू एकच, लिहिणं. आणि लिहिणं फक्त तुम्ही नवीन फोटो काढलात तरच होतं असं नाही. अशा वेळी कार्ड जोडलं की विंडोज हमखास विचारतं, या ड्राइव्हमध्ये प्रॉब्लेम आहे, स्कॅन करून फिक्स करू का. माणूस घाबरलेला असतो, तो हो म्हणतो. पण ते फिक्स करणं म्हणजे तुमचे फोटो परत आणणं नसतं, फाईल सिस्टीमचा हिशोब जुळवणं असतं. हे फिक्स करणाऱ्या चेकडिस्कला जे तुकडे कुणाचे ते कळत नाहीत ते ती फाउंड.००० अशा फोल्डरमध्ये सीएचके एक्स्टेन्शन लावून टाकते, आणि हे करताना नोंदी बदलते, ज्या नोंदींच्या आधारावर आपण नावासकट फोटो परत आणू शकलो असतो. "फॉरमॅट करायचं का" याला तर नाहीच म्हणायचं. चुकून क्विक फॉरमॅट झालाच असेल तर अजून आशा आहे, तो फक्त नोंदींचे तक्ते नवे करतो, पण विंडोजमध्ये व्हिस्टापासून पुढे फुल फॉरमॅट म्हणजे सगळीकडे शून्य लिहिणं, त्यानंतर काही उरत नाही. आणि रिकव्हरी सॉफ्टवेअर त्याच कार्डावर किंवा ज्या ड्राइव्हवरून फोटो गेलेत त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करणं किंवा सापडलेले फोटो परत त्याच्यावरच सेव्ह करणं, हे तर अगदी सर्रास होतं आणि त्यात एक फोटो वाचवताना दुसरा जातो.

मग करायचं काय? मी पहिल्यांदा कार्डाची इमेज बनवली. इमेज म्हणजे कार्डाच्या पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे साठवणीचा छोटा कप्पा) शेवटच्यापर्यंत जसंच्या तसं एका मोठ्या फाईलमध्ये उतरवून घेणं, मोकळी दिसणारी जागा धरून. ६४ जीबीचं कार्ड म्हणजे साधारण ६४ जीबीची फाईल, मग त्यात फोटो दहा असोत की दहा हजार. एवढी मोकळी जागा आधी तयार ठेवा. लिनक्सवर यासाठी डीडीरेस्क्यू आहे, फुकट आहे, आणि त्याची गोष्ट मला फार आवडते ती ही की जिथे वाचता येत नाही तिथे तो अडून बसत नाही, आधी सहज वाचता येणारं सगळं उतरवून घेतो आणि मग अडलेल्या जागांकडे परत वळतो, आणि काय झालं काय राहिलं याचा मॅप वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो, म्हणजे मध्येच बंद करून नंतर तिथूनच पुढे चालू करता येतं. ताईच्या कार्डावर बहुतेक सगळं सरळ वाचलं गेलं आणि एका ठिकाणी वेग एकदम शून्यावर आला, तिथले थोडे सेक्टर खराब होते, तिथे बराच वेळ गेला आणि शेवटी थोडे वाचताच आले नाहीत. पण हे काम एकदा झालं की कार्ड परत डबीत. पुढचे सगळे प्रयोग इमेजवर, मूळ कार्डाला धक्का नाही, म्हणून मनावरचं ओझंच उतरतं, काहीही करून बघता येतं.

(कार्ड कॉम्प्युटरला दिसतच नसेल, किंवा हार्ड डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर मात्र यातलं काहीच घरी करू नका, पॉवर बंद करा आणि डेटा रिकव्हरीवाल्यांकडे न्या. मायक्रोएसडी कार्ड तर एकाच तुकड्यात ओतलेलं असतं, त्यात वरचा थर खरवडून आतल्या बिंदूंना तारा जोडून वाचावं लागतं, ते आपलं काम नव्हे.)

इमेजवर मी दोन टप्प्यांत काम केलं. पहिला टप्पा टेस्टडिस्क. हा नोंदी वाचतो, डिलीट झालेल्या पण अजून शिल्लक असलेल्या, आणि मिळालं तर नाव, फोल्डर, तारखेसकट फाईल परत देतो. दिसायला काळा स्क्रीन आणि ॲरो कीने चालवायचं सगळं, पण घाबरायचं कारण नाही. कार्ड एक्सफॅट होतं आणि त्यावर नंतर काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे बरेचसे फोटो इथेच मिळाले, मूळ नावांनी. पहिला फोटो उघडला तेव्हा ताई शेजारी बसलेली होती, ती काही बोललीच नाही, फक्त म्हणाली पुढचा उघड.

पण एका फोल्डरची यादी नेमकी त्या खराब सेक्टरांत होती. यादीच नाही म्हटल्यावर नोंदीवरून शोधणं संपलं. इथे दुसरा टप्पा, फोटोरेक, टेस्टडिस्कचाच जोडीदार, दोन्ही क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेले, ओपन सोर्स आणि फुकट. फोटोरेक नोंदींकडे बघतच नाही. तो डेटा सुरुवातीपासून वाचत जातो आणि फाईलच्या ओळखीच्या खुणा शोधतो. प्रत्येक जेपीजी फोटोची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या बाइट्सनी होते आणि शेवट एफएफ, डी९ ने, मग तो कुठल्याही कॅमेऱ्याचा असो. ती सुरुवात दिसली की फोटो सुरू झाला असं धरून तो पुढचं उचलत जातो. याला कार्व्हिंग म्हणतात. नाव, फोल्डर काही मिळत नाही, कारण नाव फोटोच्या आत नसतंच, ते नोंदीत असतं. फाईली येतात त्या एफ आणि पुढे सेक्टरचा नंबर अशा नावांनी, आणि टी ने सुरू होणाऱ्या बारक्या फाईली पण येतात, त्या फोटोच्या आत दडवलेल्या थंबनेल असतात. अशी टी फाईल आली तर फेकून द्यायची घाई करू नका, कधीकधी मोठा फोटो बिघडलेला असतो आणि ती टपाल तिकिटाएवढी प्रतच काय ती उरलेली असते.

असे बिघडलेले फोटो आम्हाला पण मिळाले. एक लक्षात राहिलाय, भाची भिंतीला धरून उभी आहे, डोकं आणि खांदे स्वच्छ, आणि कमरेच्या खाली सगळं जांभळट होऊन उजवीकडे सरकलंय, आणि त्याच्याही खाली नुसता राखाडी पट्टा. हे असं का दिसतं तर जेपीजीमध्ये चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या चौकटींत वरून खाली साठवलेलं असतं आणि प्रत्येक चौकटीचा मूळ रंग आधीच्या चौकटीपेक्षा किती वेगळा एवढाच लिहिलेला असतो, त्यामुळे मध्ये कुठेतरी डेटा चुकीचा आला की तिथून पुढचे सगळे रंग चुकत जातात. बहुतेक वेळा कारण असतं फ्रॅगमेंटेशन. कार्ड भरत आलं की आपण कॅमेऱ्यातच मधले मधले फोटो डिलीट करतो, मग नवीन फोटो त्या मोकळ्या फटींमध्ये तुकड्या-तुकड्याने बसतो, आणि कार्व्हिंग करणारं सॉफ्टवेअर मात्र सरळ रेषेत वाचत जातं, तर मध्येच त्याच्या हाती दुसऱ्याच फोटोचा तुकडा लागतो. म्हणून माझं आता पक्कं मत झालंय की कॅमेऱ्यात एकेक फोटो डिलीट करत बसू नये, कार्ड भरलं की सगळं उतरवावं, उतरलंय याची खात्री करावी आणि मग कॅमेऱ्यातच सगळं कार्ड फॉरमॅट करावं.

आता खरं काम, ज्याबद्दल कुणी फारसं लिहीत नाही. रिकव्हरी झाली म्हणजे संपलं असं वाटतं, पण तुमच्यासमोर असतो नंबरांच्या नावांचा ढीग, त्यात जुने कधीचे डिलीट केलेले फोटो, डुप्लिकेट, थंबनेल, अर्धे फोटो, सगळं एकत्र. इथे मदतीला येतं ते एक्झिफ. फोटो काढल्याची तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं मॉडेल हे फोटोच्या आतच लिहिलेलं असतं, त्यामुळे नाव गेलं तरी तारीख जात नाही. एक्झिफटूल नावाचं फिल हार्वी यांचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते एका कमांडमध्ये हजारो फाईलींची नावं त्यांच्या काढल्याच्या तारीख-वेळेवरून बदलून देतं आणि महिन्यांप्रमाणे फोल्डरही करून देतं. आम्ही ते चालवलं आणि त्या ढिगाचं एकदम वर्ष झालं, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. मध्ये एक टप्पा असा होता की बॅटरी काढल्यावर कॅमेऱ्याचं घड्याळ मागे गेलेलं, तर ते फोटो भलत्याच सालात जाऊन बसले, तेही एक्झिफटूलने एकत्र पुढे सरकवता येतात, एका फोटोची खरी वेळ आठवली की झालं. ताईला आठवली. तिला प्रत्येक फोटो कधीचा ते आठवत होतं, हा पहिला दात आल्यानंतरचा, हा तापातून उठल्यावरचा, आणि मला तेव्हा लक्षात आलं की हे काम एकट्याने करायचं नाहीच, ज्याचे फोटो त्याला शेजारी घेऊन बसायचं, कारण सॉफ्टवेअर क्रम लावून देतं पण काय राहिलंय ते फक्त त्यालाच कळतं. "ती निळ्या टोपीतली कुठेय?" असं ती विचारायची आणि मग आम्ही तीच शोधायचो.

जे कार्डावर मिळालंच नाही ते दुसरीकडे शोधलं. व्हॉट्सॲपवर पाठवलेले फोटो फोनमध्ये सेंट फोल्डरमध्ये राहतात आणि ज्यांना पाठवले त्यांच्याकडेही असतात, लहान केलेले आणि एक्झिफ काढून टाकलेले, पण असतात, आणि अँड्रॉइडवर त्यांच्या नावात पाठवल्याची तारीख असते. निळ्या टोपीतली तशीच मिळाली, आईच्या फोनमध्ये. मूळ फोटोइतकी स्वच्छ नाही, पण आहे.

आता फोनबद्दल, कारण बऱ्याच जणांचे फोटो कार्डावर नसतातच, फोनमध्येच असतात, आणि तिथे मी खोटी आशा लावणार नाही. फोनची आतली मेमरी एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी असते, शिवाय फाईल डिलीट झाली की ट्रिम नावाची सूचना जाते आणि मेमरी त्या जागा स्वतःच रिकाम्या करून टाकते. लॅपटॉपमधल्या एसएसडीचंही तसंच. तिथे कार्व्हिंग करून सहसा काहीच मिळत नाही, आणि फोन केबलने जोडला की तो एमटीपी नावाच्या फाईल पाठवायच्या पद्धतीवरून बोलतो, कॉम्प्युटरला ड्राइव्ह म्हणून दिसतच नाही, त्यामुळे ही सॉफ्टवेअरं त्याला स्कॅन करू शकत नाहीत. म्हणून फोनच्या बाबतीत रिकव्हरी ॲप डाउनलोड करत बसण्यापेक्षा आधी ट्रॅश बघा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३० दिवस, आयफोनमध्ये रिसेंटली डिलीटेडमध्ये ३० दिवस. केबलवरून कट-पेस्ट करताना गेलेला फोटो सहसा ट्रॅशमध्ये येत नाही, पण बॅकअप चालू असेल तर क्लाउडवरची प्रत तशीच असते, तर ब्राउझरमधून लॉगिन करून बघा. आणि फोनमध्ये मायक्रोएसडी कार्ड घातलेलं असेल आणि फोटो त्यावर असतील तर वरचं सगळं कार्डाचं लागू होतं, फक्त ते कार्ड फोनने एन्क्रिप्ट केलेलं नसलं पाहिजे.

ताईने आता पद्धत बदलली आहे. कट-पेस्ट बंद, फक्त कॉपी. कॉपी टेराकॉपी नावाच्या सॉफ्टवेअरने करते, ते कॉपीनंतर दोन्हीकडच्या फाईलींचे हॅश (आतल्या डेटावरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळवून बघतं, म्हणजे नुसती साईज नाही, आतला बाइट न बाइट तोच आहे का ते कळतं, शून्यांनी भरलेली फाईल तिथेच पकडली जाते. मग सेफली रिमूव्ह, मग डिस्क परत जोडून पाच-सात फोटो उघडून बघणं, आणि त्या डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर अजून एक प्रत, आणि एवढं झाल्यावरच कार्ड फॉरमॅट. वेळ लागतो, पण ती म्हणते लागू दे. ती सैल केबल फेकून दिली.

इमेजची फाईल मी अजून डिलीट केलेली नाही कारण व्हिडिओ राहिलेत. व्हिडिओचं फोटोपेक्षा अवघड असतं, एमपी४ फाईलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याचा सगळा हिशोब मूव्ह नावाच्या भागात असतो आणि बरेच कॅमेरे तो भाग रेकॉर्डिंग संपल्यावर सगळ्यात शेवटी लिहितात, तो तुकडा सापडला नाही तर आत चित्र असूनही प्लेअर ते दाखवू शकत नाही. अनट्रंक नावाचं एक टूल आहे, त्याला त्याच कॅमेऱ्याने त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली क्लिप नमुना म्हणून दिली की ते तिच्या आधाराने तुटलेली क्लिप बांधायचा प्रयत्न करतं. भाची पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ त्यातच आहे. ताईला सांगितलंय, जुन्या सेटिंगवर एक मिनिटाची क्लिप काढून पाठव, वेगळ्या कार्डावर. ती आली की बसतो त्याला.